वाकड्या मानेचा भोपळा

गेल्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान, सोनईहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात भोपळ्याची भाजी कडू निघाली. पाच जणांना उलट्या झाल्या. त्यांपैकी तिघांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तिघेही सावरले आणि आपल्या गाडीने नाशिककडे गेले. भोपळा हॉटेलमागच्या बागेतला होता. भाजी मालकीणबाईंच्या सुनेने केली होती. त्या दिवशी चुलीपुढे सासू आणि सून अशा दोघी होत्या आणि दोघींपैकी कुणीही भाजी चाखली नव्हती. शनिवार असल्यामुळे दोघींचा उपास होता.

एवढं मी स्वतः पाहिलेलं आहे. मी बातमीदार, या हॉटेलचं नेहमीचं गिऱ्हाईक; ती भाजी माझ्याही ताटात होती. दोन घास खाल्ले आणि तिसरा ठेवून दिला. बाकीचं नंतर, तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

आता पुन्हा श्रावण आहे. हॉटेलच्या मागच्या बाजूने बागेत उतरलं की ओल्या शेणखताचा आणि चुरगळलेल्या पानांचा वास येतो. भोपळ्याच्या पानाचा वास किंचित उग्र असतो. एकदा हाताला लागला की जेवण होईपर्यंत जात नाही. दोडक्याला पिवळी फुलं आली आहेत. गवार कमरेएवढी झाली आहे. मांडवाचा बराच भाग यंदा मोकळा आहे. तिथून खाली उन्हाचा चौकोन पडतो आणि सविता, म्हणजे सून, त्या चौकोनात मिरच्या पसरते. ऊन सरकलं की पोतंही सरकवते.

हॉटेलची पाटी रस्ता रुंद करताना निघाली ती परत लागली नाही. सगळे ‘मावशींचं हॉटेल’ म्हणतात. मावशी म्हणजे गयाबाई. वय सत्तरच्या पुढे, उंची बेताची, बोलणं कमी. पुढे पत्र्याची शेड आणि आठ टेबलं, मागे वीस गुंठे बाग, बागेच्या टोकाला विहीर. मुळा धरणाच्या पाटाला पाणी आलं तर ते, नाही तर विहिरीचं. दाणे, डाळी, तेल, मीठ बाहेरून येतं. भाजी बाहेरून येत नाही. बागेत जे असेल ते शिजतं आणि जे नसेल ते मागून मिळत नाही.

त्यामुळे या हॉटेलात जेवणाऱ्याला महिना कळतो. आषाढात तांदुळजा आणि घोळ, भाद्रपदात ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडी. दिवाळीनंतर वाल येतात. ते सोलायला टेबलाशी बसलेल्या गिऱ्हाइकालाही घेतलं जातं. थंडीत चाकवत, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे. चैत्रात बाग वाळते. तेव्हा डब्यातल्या वाळवलेल्या गवारी निघतात आणि हुलग्याचे शेंगोळे होतात. एकदा वैशाखात सलग नऊ दिवस शेंगोळेच होते. नवव्या दिवशी आलेल्या एसटीच्या कंडक्टरने हात जोडून विचारलं होतं, ‘मावशी, पाऊस कधी पडायचाय?’

गयाबाईंचे नवरे आण्णा दारात बाजेवर बसतात. काय शिजलंय ते सांगण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

‘पनीरमध्ये काय काय आहे?’ पुण्याच्या गाडीतून उतरलेल्या एका माणसाने एकदा विचारलं.

‘पनीर आमच्याकडं येत न्हाई,’ आण्णा म्हणाले. ‘लावून बगितलं. उगवलं न्हाई.’

‘मग काय आहे?’

‘अंबाडी.’

‘अजून?’

‘आजून उद्या. उद्या बी अंबाडीच हाय.’

माणूस बसला. जाताना त्याने डबा भरून नेला.

या बागेत दुकानातलं बी पडत नाही. वांगं, वाल, गवार, दोडका, सगळं धरलेलं बी. पण नाव होतं ते भोपळ्याचं. आमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. भोपळा म्हटलं की दुधी. गयाबाईंचा भोपळा मात्र बाजारातल्या दुधीसारखा सरळ नव्हता. खाली घागरीसारखा गोल, वर वीतभर बारीक मान, आणि ती मान हमखास एका अंगाला वळलेली. रंग फिका, कोवळेपणी अंगावर बारीक लव. शिजल्यावर फोड मोडत नसे आणि भाजीत पाणी घालावं लागत नसे. लसूण, हिरवी मिरची, कारळ्याचं कूट. साली वेगळ्या तव्यावर चुरचुरीत करून तीळ घालून चटणी. भाद्रपद उजाडेपर्यंत भाकरीबरोबर हेच असायचं आणि कंटाळा येत नसे. ती चव कशी होती हे लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा खोडलं. गोड नव्हे. पाण्याला जशी चव असते आणि नसते, तशी काहीतरी.

हे बी गयाबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून आणलं. माहेर पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. पुढे एका दुष्काळात माहेरचं बी संपलं तेव्हा त्यांची धाकटी बहीण जनाबाई इथून ते उलट घेऊन गेली. या दोन घरांपलीकडे हा भोपळा कुणी जपल्याचं मला आजवर समजलेलं नाही. खाल्ला मात्र पुष्कळांनी. दरवर्षी गयाबाई गावातल्या बायकांना बी वाटत. बायका लावत, खात आणि पुढच्या वर्षी पुन्हा ओंजळ पुढे करत. मावशी देतात म्हटल्यावर घरी बी धरायची कुणाला गरज पडली नाही.

बी धरायची या घरची एक रीत आहे. वेलीवरचं पहिलं फळ देवाला, दुसरं बियाला. ते दुसरं फळ वेलीवरच वाळू द्यायचं, हलवल्यावर खुळखुळेपर्यंत. मग चुलीच्या वर दोरीला टांगायचं. अक्षय्य तृतीयेला, इकडच्या बोलण्यात आखितीला, ते फोडायचं. मांडवाखाली आळी करून पाच ठिकाणी बी टोचायचं आणि उरलेलं दिवस मावळायच्या आत वाटून टाकायचं. घरात मागच्या सालचं बी राहिलं तर नवं रुसतं, असं गयाबाई मानतात. त्यांच्या सासूबाई मानत होत्या. एका फळात शे-दोनशे बिया निघतात, त्यामुळे जास्त फळं धरायचा प्रश्न आला नाही.

गेल्या वर्षीच्या आखितीचा एक फोटो माझ्याकडे आहे. शेडच्या सावलीत बायका उभ्या आहेत, गयाबाई पाटावर बसल्या आहेत, पुढे सुपात बिया. पाच-सहा ओंजळी पुढे आलेल्या आहेत. एकीच्या हातावर ताज्या मेंदीचा ठिपका आहे. फोटो स्पष्ट आहे, उजेड चांगला आहे. बिया फिक्या तपकिरी, दोन्ही कडांना उभी रेघ असलेल्या, नेहमीसारख्या. या फोटोत काय घडतं आहे ते फोटो काढणाऱ्याला, देणाऱ्या बाईला आणि घेणाऱ्या बायकांना त्या वेळी माहीत नव्हतं. तो मी मोठा करून बऱ्याचदा पाहिला. त्यात शोधण्यासारखं काही नाही.

शनिवार हा या रस्त्यावरचा सगळ्यात गर्दीचा दिवस. दर्शन करून आलेल्यांच्या हातांना तेलाचा वास असतो. साबणाने धुतले तरी भाकरीला तो लागतो. त्याच दिवशी गयाबाई आणि सविता दिवस मावळेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. मीठ-मिरची हाताच्या अंदाजाने पडते. फारच शंका आली तर वाटीत थोडं काढून आण्णांना देतात. त्या शनिवारी आण्णा विहिरीवरच्या इंजिनासाठी डिझेल आणायला गेले होते.

भोपळा चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, हे सगळीकडेच करतात. सविताच्या माहेरीही करत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात चकती जिभेला लावली आणि गयाबाईंनी पाहिलं. ‘आपला भोपळा कडू निघत न्हाई गं,’ त्या म्हणाल्या होत्या. रागावून नव्हे, नव्या माणसाला घरातली वस्तू कुठे ठेवतात ते सांगावं तसं. सविताने चकती लावणं सोडलं.

नाशिकची माणसं दोन टेबलं जोडून बसली होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिला घास खाल्ला आणि वर पाहिलं.

‘मावशी, कारलं केलंय का?’

‘भोपळा हाय, बाबा.’

‘कारलं पडलंय ह्यात.’

‘पडलं असेल तर पडू दे,’ त्यांच्या बायको म्हणाल्या. ‘घरी कारलं बघून तोंड फिरवता. शुगरला चांगलं असतं. खा गुमान.’

टेबलावर हशा झाला. त्यांच्या सुनेने स्वतःच्या ताटातली भाजीही सासऱ्यांना वाढली. ते खरंच खात राहिले. कडू म्हणजे औषधी, असं त्यांच्या पिढीत बहुतेक जण धरून चालतात. दुसरी वाटी निम्मी झाली तेव्हा ते उठले आणि बाहेरच्या नळापर्यंत पोचले नाहीत.

पुढच्या पाऊण तासाचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. गाडी दारात आणली, तिघांना दवाखान्यात नेलं. गयाबाई चुलीपाशी आल्या, कढईतली एक फोड उचलली आणि तोंडात घातली. उपास मोडल्याचं त्या वेळी कुणी बोललं नाही. त्यांनी फोड हातावर काढली आणि तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

‘आत्या,’ सविता म्हणाली, ‘तुमीच म्हनला हुता.’

‘व्हय,’ गयाबाई म्हणाल्या. ‘म्याच म्हनले हुते.’

भाजी खड्ड्यात पुरली. म्हशीलाही घातली नाही. दोन दिवसांनी एका पेपरात चार ओळी आल्या: रस्त्यावरील हॉटेलात जेवणातून त्रास, प्रकृती स्थिर. हॉटेलचं नाव दिलेलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. बातमी बरोबर होती. मी लिहिली असती तरी तेवढीच झाली असती.

रविवारी सकाळी गयाबाईंनी मांडवावरच्या पाचही वेलींचं एकेक कोवळं फळ काढलं, देठाकडची चकती कापली आणि जिभेला लावली. प्रत्येक वेळी चूळ भरली. पाचही कडू. फळं दिसायला तशीच होती. तीच वळलेली मान, तीच लव. नंतर त्या चपला घालून गावात निघाल्या. आखितीला ज्यांना बी दिलं होतं त्या प्रत्येक घरी जाऊन सांगायचं होतं. मी मागून चालत होतो.

‘भोपळा खाऊ नगा. उपटून टाका.’

‘का वो मावशी?’

‘कडू झालाय.’

‘आमचा न्हाई झाला.’

‘चाखला का?’

‘न्हाई.’

‘मंग?’

एका घरी सोप्यात बसलेली बाई आनंदाने उठली. तिचा भोपळा गोड होता. कालच खाल्ला होता. गयाबाईंचा चालण्याचा वेग त्या दिवसात पहिल्यांदाच वाढला. परसात जाऊन पाहिलं तर वेलीवर हातभर लांब, सरळ, गडद हिरवे भोपळे लोंबत होते.

‘हे कोन्तं बी?’

‘तुमी दिलेलं न्हाई उगवलं बगा. पोरानं दुकानातनं पुडी आनली. पन गोड हाय. नेता का दोन?’

गयाबाईंनी दोन घेतले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

कारण कळलं ते पंधरा दिवसांनी. राहुरीला एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळी नोकरी त्यांनी भाजीपाल्याच्या बियाण्यात काढली. त्यांना मी हॉटेलवर आणलं. त्यांनी पानं पाहिली, फळ कापून पाहिलं, हात धुतले, आण्णांच्या बाजेवर बसले आणि विचारलं, ‘गेल्या साली आजूबाजूला कुठं कडू भोपळा लावलेला होता का?’

आण्णा मग म्हणाले, ‘इहिरीवर हुता.’

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. इकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळलेले कडू भोपळे बांधतात. आण्णा तसेच शिकले, त्यांची लेकही तशीच शिकली. उन्हाळ्यात लेकीची लेक पुण्याहून येणार होती. म्हणून त्यांनी आधीच्या पावसाळ्यात ओळखीच्या माणसाकडून कडू भोपळ्याचं बी आणून विहिरीच्या काठावर दोन वेली चढवल्या. भोपळे चांगले झाले. वाळवले, भोकं बुजवली, सुताचा पट्टा वळला. नात आली ती हवेची ट्यूब घेऊन आली. भोपळे तिने वाजवून पाहिले.

विहिरीपासून मांडवापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं. सत्तर पावलं. भोपळ्याचं फूल पांढरं असतं, दिवस कलताना उमलतं आणि सकाळी मान टाकतं. कातरवेळी त्याच्यावर मोठे पतंग येतात. विहिरीवरच्या फुलातला पराग मांडवावरच्या फुलात गेला, बहुधा त्याच फुलात ज्याचं पुढे बियाचं फळ धरलं. फळ गोडच राहिलं, कारण फळ आईचं असतं; कडूपणा बियांच्या आत गेला, असं राहुरीच्या गृहस्थांनी सांगितलं. म्हणजे त्या श्रावणात आम्ही सगळे याच मांडवाखाली जेवत होतो, तेव्हा ते घडत होतं किंवा घडून गेलं होतं. भाजी नेहमीची होती. वेलीवर खूण नव्हती. आखितीला बी टोचलं तेव्हा नव्हती, अंकुर फुटले तेव्हा नव्हती. कळलं तेव्हा सगळं बी जमिनीत गेलेलं होतं आणि सुपात, रीतीप्रमाणे, एकही शिल्लक नव्हतं.

बातमीत ‘कारण’ या शब्दापुढे कुणाचं तरी नाव यावं लागतं. मी वहीत ती ओळ मोकळी ठेवली. नातीला पोहायला यावं असं वाटणं, शनिवार पाळणं, बी वाटून टाकणं, सुनेला घरची रीत सांगणं. यातलं प्रत्येक काम घरातलं चांगलं काम म्हणून केलेलं होतं.

‘म्या काय मुद्दाम लावला का?’ आण्णा म्हणाले. गृहस्थ गेल्यावर बराच वेळ ते आत आलेच नव्हते.

‘तसं कोन म्हनलं?’ गयाबाई म्हणाल्या.

‘कुनी म्हनलं न्हाई. तू बोलंना झालीस म्हनून म्हनलं.’

‘म्या कदी बोलत हुते?’

आण्णा थोडं हसले. त्या आठवड्यात त्यांनी विहिरीवरचा बांध खणून काढला. गळून पडलेल्या बियांचं एखादं रोप उगवलेलं असेल तर जावं म्हणून. एक सापडलं.

राहुरीच्या गृहस्थांनी जाताना एक वाट सांगितली होती. याच कडू वेलींचं बी धरायचं. पुढच्या पिढीत कुठेतरी गोड झाड निघेल. त्याच्या फुलांना उमलायच्या आधी कापडी पिशवी बांधायची, हाताने पराग लावायचा, पुन्हा पिशवी बांधायची. दरवर्षी निवड करत गेलं तर पाच-सहा वर्षांत जवळपास तसाच भोपळा मिळू शकतो. तोच मिळेल असं त्यांनी सांगितलं नाही.

‘म्हंजी भोपळ्याच्या लग्नात अंतरपाट धरायचा,’ गयाबाई म्हणाल्या. ‘पाच वरसं.’

‘सहाही लागतील.’

‘आन् नवरा-नवरी?’

‘ते बरे निघतील तर निघतील.’

त्यांनी मान हलवली. कडू वेलींचं एक फळ त्यांनी धरलं, पण चुलीवर टांगलं नाही. शेडच्या बाहेर, पन्हाळीखालच्या खिळ्याला अडकवलं.

दुसरी वाट जनाबाईंची होती. दिवाळी झाल्यावर आम्ही पाथर्डीच्या पलीकडे गेलो. दोन्हीकडची बाजरी निघून गेलेली, रान मोकळं, वाऱ्यात कोरडा धुरळा. गावातली बरीच घरं बंद होती; माणसं ऊसतोडीला गेली होती. जनाबाईंचे दोन्ही मुलगे आणि सुनाही गेल्या होत्या. त्या शेळ्यांना घेऊन एकट्या मागे होत्या. बहिणीला पाहून त्यांनी आधी चहा टाकला, मग रडून घेतलं, मग गावातल्या सगळ्यांची खबर विचारली. भोपळ्याचा विषय निघायला तास गेला.

‘औंदा लावलाच न्हाई,’ जनाबाई म्हणाल्या. ‘गेल्या साली लावला तर शेरडांनी खाल्ला. बी हाय की पन.’

कोनाड्यातून त्यांनी चिंधीची गाठ काढली. आत नऊ बिया होत्या. गयाबाईंनी त्या तळहातावर घेतल्या.

‘हे कवाचं?’

‘तू दिल्तंस ते.’

‘कवा दिल्तं? आकाच्या लग्नाला आल्तीस तवा का औंदाच्या आखितीला धाडलं ते?’

जनाबाईंनी विचार केला. आकाचं, म्हणजे गयाबाईंच्या पुतणीचं, लग्न तीन वर्षांपूर्वीचं. त्या वेळचं बी विहिरीवरच्या भोपळ्याच्या आधीचं, म्हणजे चांगलं. आखितीला कुणाबरोबर तरी पाठवलेलं, म्हणजे कडू.

‘दोन्ही,’ त्या म्हणाल्या. ‘ते थोडं उरलं हुतं, हे आलं, म्हनलं एका जागी बांधू. बी ते बीच की. का गं, काय झालं?’

गयाबाईंनी सांगितलं. जनाबाईंनी चिंधी पुन्हा हातात घेतली, एकेक बी उजेडाकडे धरून पाहिली, नखाने खाजवली, वास घेतला. एक उचलून बाजूला ठेवली, मग परत मिसळली. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

‘समजतंय का?’ गयाबाईंनी विचारलं.

‘न्हाई.’

परतताना गयाबाईंनी गाठ पदरात बांधली होती. नगरच्या बसस्थानकावर उसाचा रस घेतला तेव्हा म्हणाल्या, ‘लहानपनापस्नं तिचं असंच. तूर आन् मूग बी एकाच डब्यात.’

या वर्षी आखितीला नेहमीप्रमाणे आळी केली. बायका आल्या नाहीत. गयाबाईंनीच येऊ नका म्हणून निरोप दिला होता. नऊ बिया नऊ ठिकाणी टोचल्या आणि प्रत्येकीपाशी खुंटी रोवली. चार उगवल्या. एक रोप गोगलगायीने कापलं. एकाच्या पानांवर तांबडे भुंगेरे पडले. राख मारली, तरी गेलं. दोन वेली मांडवावर चढल्या. सविताने जुन्या सुती लुगड्याच्या सहा लहान पिशव्या शिवल्या आहेत, तोंडाला नाडी असलेल्या. हॉटेलात आता रोज, शनिवारीही, प्रत्येक भाजी चाखली जाते. शनिवारी ते काम आण्णांकडे आहे आणि त्यांना डिझेल आणायला जाता येत नाही. श्रावणात बाहेरची माणसं भोपळा विचारतात, त्यांना ते ‘औंदा न्हाई’ एवढंच सांगतात. विनोद करत नाहीत.

पहिल्या वेलीला आषाढाच्या शेवटी फळ धरलं. गयाबाई रोज सकाळी येऊन पाहत. मान वळली, लव आली. गेल्या मंगळवारी त्यांनी ते काढलं. आम्ही चौघेही तिथे होतो. सविताने विळी आणली. देठाकडची चकती गयाबाईंनीच कापली आणि जिभेला लावली. त्यांनी चूळ भरली, तांब्या खाली ठेवला आणि वेल मुळापासून उपटली. आण्णांनी ती बांधावर नेऊन टाकली.

दुसरी वेल मांडवाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात आहे. भोपळ्याला आधी नरफुलं येतात. त्यांना लांब देठ असतो. मादीफुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ असतं. काल दिवस कलताना गयाबाईंनी आणि मी फुलं मोजली. तेरा होती. तेराही नर.